श्वास सोडल्यावरचे माप

मित्रांनो, माझी पाती पाहून नाक मुरडू नका. डाव्या पात्यावर जो पिवळट थर दिसतो तो डिंकाचा आहे, आणि टोकाजवळचा निळा डाग शाईचा. मी एक जुनी कात्री आहे आणि सध्या एका लेखिकेच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. पण मी मूळची कागदाची नाही, कापडाची. या दोन घराण्यांत किती अंतर असते ते शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारा. तोंड उघडल्याशिवाय आमचे काम होत नाही आणि मिटल्याशिवायही होत नाही. म्हणून मी जरा जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. माझी दोन पाती एकदम जन्मली नाहीत. आधी एक घडले, मग दुसरे. दोघांनीही भरपूर घाव सोसले आणि मग लोहाराने त्यांना एका खिळ्यात बांधले. खिळा फार आवळला तर पाती एकमेकांशी भांडतात, सैल राहिला तर एकमेकांना ओळखही देत नाहीत. त्याने तो ठोकला, सोडवला, पुन्हा ठोकला. शेवटी मनासारखा बसल्यावर त्याने एक जुनेर पाण्यात भिजवले आणि माझ्या अगदी टोकाने कापून पाहिले. मुळाशी कोणतीही कात्री कापते, ओले कापड टोकाने कापले गेले तरच ती खरी. मी पास झाले.

बाजारात मला मावशीने उचलले. तशी ती माझी मालकीण, पण गल्लीतले लहानथोर तिला मावशीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तेव्हा ती तरुण होती आणि तिच्या कडेवर एक मुलगी होती. तिने दुकानातली एकेक कात्री कानाशी नेऊन उघडमीट करून पाहिली. दुकानदार वैतागला. "बाई, कात्री घेताय की बाजा?"

"माझं पोट हिच्यावर आहे," मावशी म्हणाली. "आवाज ऐकल्याशिवाय नाही घ्यायची."

तिचे घर म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि मागे स्वयंपाकापुरती जागा. खिडकीपाशी शिवणयंत्र, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेला आडोसा आणि त्यात उंच आरसा. नवरा आजारपणात गेला होता. झगे, सदरे, कोट, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते काम ती घेई. काम चोख आणि जीभही चोख. तिची मुलगी अंगाने बारीक आणि बोलण्यात टोकदार निघाली, म्हणून गिऱ्हाइकांनी तिचे नाव सुई ठेवले. तेच पुढे चिकटले.

मावशीच्या घरात माझ्याबाबत दोन कायदे होते. पहिला, मला कागदावर चालवायचे नाही. कागदाने कात्रीची धार जाते आणि मग ती कापड कापत नाही, चावते. कोणी विसरू नये म्हणून तिने माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली होती. दुसरा, मला कोणाच्या हाती देताना पाती आपल्याकडे आणि मूठ समोरच्याकडे करायची. सुईला चालता येऊ लागले तेव्हा अक्षरओळखीच्या आधी तिला हेच शिकवले गेले.

आणि एक गोष्ट होती, तिला कायदा म्हणता येणार नाही. ती मावशीची माप घ्यायची पद्धत होती. माणूस टेपसमोर उभा राहिला की नकळत पोट आत घेतो, छाती काढतो आणि श्वास रोखतो. त्या मापाने शिवलेला कपडा आरशासमोर शोभतो आणि जेवायला बसले की काचतो. म्हणून मावशी टेप गळ्यात अडकवून आधी गप्पाच मारी. तुमची सासू आता काय म्हणते, पाठीचे दुखणे कसे आहे, धाकट्याला नोकरी लागली का, असे काहीबाही विचारी. समोरची बाई बोलता बोलता रंगून जाई, एक श्वास सोडी, आणि त्याच क्षणी टेप तिच्या कमरेभोवती फिरलेला असे. बायकांना वाटे, मावशी किती बोलघेवडी आहे! ती बोलघेवडी होतीच, पण फुकट बोलत नव्हती.

या सगळ्या वेळी सुई टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली असे. पडद्यामागे बोललेले शब्द टेबलाखाली आधी पोचत. ती ते गोळा करी आणि त्यांच्या गोष्टी करी. एका बाईंनी झग्याला मोठे खिसे मागितले, तर सुईच्या गोष्टीत त्या राणीच्या हिऱ्यांच्या चोर झाल्या. दुसरी एक जण माप देताना रडली, तर सुईने तिला थेट समुद्रात बुडवले. सुतावरून स्वर्ग गाठण्यात ती पटाईत होती, आणि घरात सुताला तोटा नव्हता.

एकदा तिने गोष्टीसाठी चांदण्या हव्यात म्हणून जाड कागदावर मला चालवले. दुसऱ्या दिवशी मी एका कोटाच्या कापडाला चावले. मावशीने माझ्याकडे पाहिले, मग टेबलाखाली पाहिले. ती ओरडली नाही. तिने सुईसमोर जुन्या कपड्यांचा गठ्ठा टाकला आणि म्हणाली, "बस. उसव हे सगळे. टाका तुटला पाहिजे, कापड फाटता कामा नये."

"मला शिवायला शिकव ना. उसवायचं काय शिकायचं?"

"ज्याला उसवता येत नाही, त्यानं शिवू नये."

सुई हिरमुसली, पण बसली. उसवताना कपडा उलटा करावा लागतो. उलटा केला की शिवणाऱ्याची सगळी अंडीपिल्ली दिसतात. कुठे घाई झाली, कुठे कापड कमी पडून जोड दिला, कुठे ठिगळावर नक्षी काढून ते झाकले, सारे आतल्या बाजूला लिहिलेले असते. शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरले तर कपडा सैल करता यावा, एवढ्यासाठी ती असते. सुईला एका सदऱ्यात अजिबात माया सापडली नाही. "हा शिंपी कंजूष होता," तिने निकाल दिला. मावशी म्हणाली, "नाही गं. त्याला वाटलं, हे पोर आता वाढायचं थांबलं."

आता मी तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगते, कारण पुढचे सगळे त्यातून उगवले आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांचा एक मोठा कारखाना होता. तिथला मुकादम आपल्या बायकोचा कोट न्यायला आला, बराच वेळ तो उलटासुलटा करून बघत राहिला, आणि त्याने मावशीला कापड बेतणाऱ्या मास्तरची जागा देऊ केली. पक्की नोकरी होती. मावशी हो म्हणाली. ठरलेल्या दिवशी तिने ठेवणीतला झगा घातला, मला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले आणि निघाली. त्या दिवशी काय झाले ते मला माहीत आहे, कारण मी पिशवीत होते. पण कात्रीला कोण विचारतो? संध्याकाळी ती शेजारच्या काकूंना म्हणाली, "नाही घेतली नोकरी. मुलगी दिवसभर कोणाच्या भरवशावर टाकू? तिच्यासाठी सोडली."

काकूंचे डोळे भरून आले. गल्लीत मावशीचा मान वाढला. टेबलाखाली सुईने ते ऐकले आणि तिने ते कायमचे उचलून धरले. आई आपल्यामुळे अडकली, ही गोष्ट त्या पोरीने शाळेच्या दप्तरासारखी रोज पाठीवर घेतली आणि मोठी झाल्यावरही खाली ठेवली नाही.

सुई शिकली. परगावी चांगली नोकरी मिळत होती, ती आईला एकटे टाकायला नको म्हणून तिने नाकारली आणि गावातल्याच एका छापखान्यात मुद्रिते तपासायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन टेबलाच्या एका कडेला बसून स्वतःच्या करायच्या, असा तिचा दिनक्रम होता. तिने जहाजाच्या कप्तानावर एक लांबलचक कथा लिहिली. वादळ, बंड, फाटते शीड, काही बाकी ठेवले नव्हते. मासिकाचे म्हातारे संपादक तिला म्हणाले, "जहाज झकास आहे. पण काय हो, तुमच्या जहाजावर कोणी कपडे वाळत घालत नाही का?" ती घरी आली ती फणफणत. मावशी हसून हसून बेजार झाली. सुई दोन घास कमी जेवली, पण ते बोलणे तिच्या मनात रुतले.

त्यानंतर ती सुटीच्या दिवशी बाहेर पडू लागली. कधी गोदीवर, कधी बसच्या आगारात, कधी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसे. लोकांना विचारी, तुमचे काम कसे असते? लोक छाती काढून सांगत, काम म्हणजे देव, मेहनतीला पर्याय नाही वगैरे. घरी येऊन ती लिहून काढी आणि वाचल्यावर तिला स्वतःलाच जांभई येई. बरेच दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी मावशी पडद्यामागे एका बाईंचे माप घेत होती, सासूपासून सुरुवात झालेलीच होती, आणि सुई लिहिता लिहिता थांबली. तिने मान वर करून पडद्याकडे असे पाहिले, जणू तो पडदा तिने जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या खेपेस तिने बसच्या चालकाला कामाबद्दल विचारलेच नाही. त्याच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल विचारले. तो आधी गुडघ्यावर बोलला, मग बायकोवर, मग अचानक म्हणाला की रस्त्यात बसखाली कुत्रे मेले की तो पुढचा थांबा चुकवून बस तशीच नेतो, कारण त्याच्याने दार उघडवत नाही. सुई घरी आली आणि चप्पल न काढताच लिहायला बसली. ती कथा छापून आली.

पण मित्रांनो, एका कथेने कोणी लेखक होत नाही, जसा एका सदऱ्याने कोणी शिंपी होत नाही. ती आवडलेले पुस्तक हातात घेई आणि त्यातले एखादे पान कपडा उलटा करावा तसे बघे. हे वाक्य इथेच का थांबले, हा माणूस दारातून येण्याआधी त्याचा खोकला का आला, असे स्वतःशी पुटपुटे. कधी अख्खे पान हाताने उतरवून काढी आणि मग तोच मजकूर आपल्या शब्दांत लिहून दोन्ही शेजारी ठेवी. आपले काढून फेके. स्वतःच्या लिखाणातली सुंदर सुंदर वाक्ये ती उसवू लागली. पहिल्यांदा तिला रडू येई, नंतर नुसताच सुस्कारा, आणि पुढे पुढे तर उसवताना तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले. यात किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. तिच्या केसांत पांढरे दिसू लागले, एवढे मला आठवते.

माझेही दिवस फिरले. मावशीचे हात थरथरू लागले. आधी काजे बिघडली, मग काठ वाकडे जाऊ लागले, आणि एका थंड सकाळी तिने मला पुसले, तेलाचा हात फिरवला, फडक्यात गुंडाळले आणि खणात ठेवून दिले. गिऱ्हाइके तयार कपड्यांच्या दुकानात जाऊ लागली. लाल चिंधी विटली. खणातला काळोख मला खायला उठे. जिच्यावर एकेकाळी घर चालत होते, तिची आठवणही कोणाला नाही, याचे फार वाईट वाटते हो. माणसाला बोलता तरी येते. आम्ही फक्त गंजतो.

त्याच सुमारास सुईने आपले मोठे पुस्तक पुरे केले. ते आईवर होते. प्रकाशकाला पसंत पडले, छपाईची तारीखही ठरली. छापायला जाण्याआधी ते आईला वाचून दाखवावे, असे तिच्या मनात आले. रोज दुपारी ती टेबलापाशी बसून वाची आणि मावशी जुन्या बटणांच्या डब्यात बोटे फिरवत ऐके. खण किंचित उघडा असल्यामुळे मलाही ऐकू येत होते. फार सुंदर लिहिले होते. त्यात एक बाई होती. ती मिणमिणत्या दिव्यात शिवत असे, दुसऱ्यांना नटवून स्वतः विटके नेसत असे, अश्रू पुसून टाका घालत असे. शेवटच्या प्रकरणात ती बाई कारखान्याच्या मुकादमाला ताठ मानेने सांगते, की माझ्या मुलीपुढे मला तुमची नोकरी धुळीसमान आहे.

सुईने वाचन संपवले आणि आईकडे पाहिले. मावशी बटणे चाचपत राहिली.

"आई, काहीतरी बोल ना."

"चांगलं आहे," मावशी म्हणाली. मग तिने विचारले, "ही बाई कोण गं?"

"कोण म्हणजे? तू."

"नाही बाई. ही सारखी पोट आत घेऊन उभी आहे. बसल्यावर हिला काचेल सगळं."

सुईचा चेहरा उतरला. मावशी मूळची फटकळ, एकदा सुरू झाली की थांबायची नाही. "सगळ्या गावाची मापं बरोबर घेतलीस. बसवाल्याचं घेतलंस, दवाखान्यातल्या आयाचं घेतलंस. आणि घरचं माप अंदाजानं? मी रडत शिवत होते होय? रडत शिवलं तर कापडावर डाग पडतात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण सुईही काही कमी नव्हती. ती उठून उभी राहिली.

"माझ्यासमोर तू कधी श्वास सोडलास, आई? एकदा तरी? मला जेवढं दाखवलंस तेवढंच मी लिहिलं. त्याहून वेगळं काही असेल तर सांग."

मावशीने डब्याचे झाकण लावले. "सांगण्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

मग घरात अबोला आला. सुई माझ्या शब्दांत सांगायचे तर कात्रीत सापडली होती. प्रकाशक घाई करत होता. पुस्तक तसेच दिले असते तर लोकांनी डोक्यावर घेतले असते, कारण अशी बाई सगळ्यांना आवडते. पण घरातल्या एका म्हातारीला जन्मभर ठाऊक राहिले असते, की आपल्या लेकीने ज्या बाईला अजरामर केले ती आपण नव्हेच. आणि सुईला कधीच कळले नसते की आपली आई कोण होती. हातातला वेळ थोडा होता. मावशीला आता चार पावले चालतानाही दम लागत होता.

सुईने पुस्तक दिले नाही. एके दुपारी ती एक जुना कोट घेऊन आईसमोर बसली. "याचं अस्तर उसवायचं आहे," एवढेच म्हणाली. दोघी दोन बाजूंनी उसवू लागल्या. सुईने काही विचारले नाही. हाताला काम होते आणि तोंडाला सुटी होती. मग सुईला कोणी एक जाडजूड पोलिसीणबाई आठवल्या, ज्यांना माप घेताना गुदगुल्या होत आणि त्या मावशीचा हात पकडून "अटक करीन" म्हणत. मावशी हसली. हसता हसता खोकली, डोळे पुसले, आणि खाली कोटाकडे बघत म्हणाली, "मी तिथवर गेले होते."

"कुठे?"

"कारखान्यात. फाटकापर्यंत. बाजूच्या खिडकीतून आत बघितलं. केवढी लांब टेबलं! कापडाची चळत रचलेली, इतकी जाड, आणि विजेवरचं पातं एका दमात सगळी कापत जायचं. बाप्ये उभे होते रांगेनं. माझ्या पिशवीत ही एवढीशी कात्री. मला वाटलं, हसतील. पाय पुढे पडेचनात. भ्यायले मी, झालं."

सुईचे हात थांबले.

"परत येताना विचार केला, लोकांना काय सांगायचं? मग तुझं नाव सांगितलं. सगळ्यांना आवडलं ते कारण." मावशीने एक धागा ओढून काढला. "तुलाही आवडलं. तू मला जास्त जपायला लागलीस. मला बरं वाटायचं गं. म्हणून नाही कधी सांगितलं."

सुई उठली आणि बाहेर निघून गेली. मला वाटले, आता हे घर फाटले, आणि आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? जी गोष्ट ती पोर पाठीवर घेऊन वाढली, जिच्यापायी तिने परगावची नोकरी नाकारली, ती मुळात झालीच नव्हती. मावशी दाराकडे तोंड करून बसून राहिली. उन्हाची तिरीप टेबलावरून जमिनीवर उतरली, तेव्हा सुई परत आली. तिचे डोळे लाल होते.

"मला तुझा राग आला आहे," ती म्हणाली.

"यायलाच हवा."

"आणि हे मला लिहायचं आहे. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

गल्लीत अजून मावशीचा मान होता, तो त्याच गोष्टीवर उभा होता. मग तिने खण ओढला. फडके सोडले. थरथरत्या बोटांनी माझ्या मुठीवरची ती विटलेली चिंधी सोडवायला घेतली. गाठ सुटेना. सुई मदतीला सरसावली तर मावशीने तिचा हात बाजूला सारला आणि शेवटी स्वतःच ती सोडवली. मग पाती आपल्याकडे धरली, मूठ लेकीकडे केली.

"घे. काप."

"आई, कागद?"

"आता मी काय कापणार आहे हिनं? काप म्हणते ना. पण धड काप, आणि माया ठेव."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हुकमाने कागद कापला. सुईने प्रकाशकाला थांबायला सांगितले, त्याची बोलणी खाल्ली, आणि ते पसंत पडलेले पुस्तक परिच्छेद परिच्छेद करून कापले. टेबलभर कागदाच्या पट्ट्या पसरल्या. आईच्या टाचण्यांनी ती त्या इथून काढून तिथे टाची. कितीतरी पट्ट्या खाली चिंध्यांच्या टोपलीत गेल्या. रोज दुपारी नवे वाचून होई. मावशी मधेच म्हणे, "इथे घट्ट होतंय," किंवा "हे ढगळ आहे." तिचे प्रत्येक म्हणणे बरोबर असे असे मुळीच नाही. माझ्या शिवणीचे अजून कौतुक लिही, असा तिचा हट्ट असे. सुई तो साफ फेटाळून लावी. "आई, तू परत पोट आत घेतलंस," ती म्हणे, आणि दोघी हसत.

नव्या पुस्तकातली बाई आपण शिवलेला कोट रस्त्यात दिसला, की तो पाठीवर कसा पडतो ते बघायला चार गल्ल्या मागे मागे जात असे. ती भांडत असे, बढाया मारत असे. आणि एकदा ती एका फाटकापाशी उभी राहून घाबरली आणि परत आली. हे प्रकरण सुईने सगळ्यात शेवटी वाचले. एकही शोभेचे वाक्य त्यात नव्हते. मावशीने डोळे मिटून ऐकले. संपल्यावर तिने एक लांब श्वास सोडला.

"हं," ती म्हणाली. "बसलं."

एका दुपारी असेच हसणे चालू असताना मावशीने अचानक टेप काढून सुईच्या खांद्यांवरून, छातीवरून फिरवला होता. तिने वर्षानुवर्षे जपलेले गर्द निळे लोकरी कापड टेबलावर अंथरले आणि खडूने कोट आखला. तेवढ्याने ती थकली. "कापू या सावकाश," म्हणाली. ते राहूनच गेले. पुस्तक छापखान्यात असताना मावशी झोपेतच गेली.

पुस्तक आले. पहिली प्रत सुईने शिवणयंत्रावर ठेवली. शेजारच्या काकू, आता त्याही फार थकल्या होत्या, पुस्तक वाचून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "तिनं मला तरी सांगायचं होतं की गं," त्या म्हणाल्या, "मीही कुठे कुठे फाटकातून परत आले आहे." मग दोघी आत बसल्या.

त्यानंतर सुई मला रस्त्यावरच्या धारवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला उजेडात धरले आणि कपाळाला हात लावला. "ताई, कापडाची कात्री होती ही. कागदानं वाटोळं केलंत हिचं. कागदापुरती धार लावू?"

"नाही," सुई म्हणाली. "कापडाची लावा."

चाक फिरले, ठिणग्या उडाल्या. मित्रांनो, धार लावताना कात्री थोडी कमी होते, तुम्हाला माहीत आहे का? दर खेपेस पात्याचा एक पापुद्रा जातो. मी आज आहे ती लोहाराने घडवली तेवढी नाही. पण त्याचे मला दुःख नाही.

घरी येऊन तिने ते निळे कापड टेबलावर पसरले. आयुष्यात तिने कधी कापड बेतले नव्हते. मावशीच्या खडूच्या रेघा होत्या, पण त्या थरथरत्या हाताच्या होत्या. काही ठिकाणी रेघ भलतीकडे गेली होती, काही ठिकाणी मधेच तुटली होती. सुई टेबलावर ओणवून कितीतरी वेळ त्या रेघा वाचत राहिली. आईचा हात कुठे गेला ते तिने पाहिले आणि कुठे जायचा होता तेही पाहिले. मग तिने श्वास सोडला आणि मला कापडात घातले. जिथे रेघ चुकली होती तिथे ती चुकली नाही. मी कुठेही चावले नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. काम झाले की माझी पाती कोरड्या फडक्याने पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि म्हातारी झाले म्हणून मला खणात विसरू नका. तुमच्या घरात कोणी श्वास रोखून उभे असेल तर लगेच टेप काढू नका, शेजारी बसून हाताला काहीतरी काम घ्या. आणि मला कोणाच्या हाती द्याल तेव्हा पाती आपल्याकडे धरा आणि मूठ त्यांच्याकडे करा.